राजाच्या केकमधला जास्तीचा वाटा

मंडळी, आज विश्रामबागेत नातीच्या फ्रेंचच्या क्लासला गेले होते. जानेवारीतला फ्रेंच लोकांचा राजांचा सण होता. केकमध्ये बदाम लपवलेला, ज्याला मिळेल तो राजा. पोरं खूश! मॅडमनी डोकी मोजून केक कापला. एकही तुकडा उरला नाही.

मी मात्र उगाच उरलेला तुकडा शोधत बसले.

पासष्टच्या लढाईनंतर साताऱ्यात पाँडिचेरीच्या एक बाई आम्हा मुलांना फ्रेंच शिकवायच्या. हाच सण, तापल्या वाळूवर पातेल्यात भाजलेला केक, आत पावट्याचा दाणा. बाई एक वाटा जास्तीचा कापायच्या, घरी नसलेल्या माणसासाठी. माझे वडील, आबा, लढाईवरून परतले नव्हते, म्हणून तो वाटा बाईंनी माझ्या हातात दिला.

घरी आई रोज आबांची भाकरी झाकून ठेवायची. मी केक त्या भाकरीशेजारी ठेवला आणि तिकडची रीत सांगितली.

आईने केकही झाकून ठेवला. मग म्हणाली, "तिकडच्या बायकाबी वाट बघत्यात व्हय गं? मग येत्यात का त्येंची माणसं?"

ते बाईंनी शिकवलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल, तर सांगा.