भरलेल्या खाणीवरचं पान

सकाळी सांगितलेली भाजी मी संध्याकाळी विसरतो, असा घरचा आरोप आहे. पण ती घटना आजही अशी आठवते, की बोंबील भाजल्याचा वास आला तर मी घास खाली ठेवतो.

शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगरात एक बंद दगडखाण होती. खोली विचाराल, तर वरून दिलेली शिवी तळाला पोहोचेपर्यंत देणाऱ्याचा राग शांत व्हायचा. वैशाखात ती मुरूम-माती टाकून भरली, वर रोपं लावली, आणि भाद्रपदात जिल्ह्याचे अधिकारी पाहणीला यायचे ठरले. बंदोबस्त माझ्याकडे आला, तो एका बाईमुळे. तिचा नवरा त्याच भरावावर मजूर होता. काम संपत आलं आणि तो नाहीसा झाला. ठाण्यात मिसिंग दाखल होती. गाव म्हणत होतं, वीटभट्टीवरच्या बाईबरोबर पळाला. मुकादमही तेच सांगायचा. बाई मात्र साहेबांच्या गाडीपुढे आडवी पडणार, अशी खबर होती.

मी तिला खाणीच्या तोंडाशीच गाठलं.

"बाई, गाडी अडवलीत तर गुन्हा दाखल होईल."

"करा की. पन त्याच्यावरचा डाग पयला काडा, साहेब. पळाला बोलतात त्याला."

अधिकारी रोपांपुढे उभे राहून फोटो काढून घेत होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या करंजाच्या रोपाशी एक कावळा काहीतरी ओढताना दिसला. माझ्या नोकरीत खबरी एवढे झाले, की ओळीने उभे केले तर आसनगावहून उंबरमाळी गाठतील. पण पंख असलेला हा पहिलाच. जवळ गेलो. केळीच्या पानावर भात, वडा, खीर. शेजारी स्टीलच्या ग्लासात कोरा चहा आणि भाजलेला बोंबील. पितृपंधरवडा चालू होता, तेव्हा पान मांडलेलं दिसण्यात नवल नव्हतं. पण ते घराच्या कौलांवर ठेवतात, अंगणात ठेवतात. खाणीच्या भरावावर कोण कोणाला जेवू घालतो?

बाई माझ्या मागोमाग आली होती. पान पाहिलं आणि वाकून ग्लासातला चहा बघितला.

"कोऱ्या चायत बोंबील बुडवून अख्ख्या तालुक्यात येकच मानूस खातो. खानीवरचे समदे हसायचे त्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी पान ठेवलं नाय, साहेब. मंग कोनी ठेवलं? तो मेला, ह्ये कोनाला ठावं हाय?"

तपास तिनेच सुरू केला म्हणायचा. बायको ज्याची वाट बघते आहे, त्याचं पान मांडणाऱ्याला त्याच्या मरणाची खात्री असली पाहिजे.

भरावाच्या कामावरचे पाचही जण आणि मुकादम चौकशीला बोलावले. मुकादमाला वेगळं बसवलं. सगळ्यांना चहा पाजला, आवाज चढवला नाही. "खाणीवर कुणी तरी पान ठेवलं होतं," मी सहज म्हणालो, "पण कावळा काही शिवला नाही हो. दुपारपर्यंत तसंच पडून होतं."

साफ खोटं. अर्धा बोंबील माझ्यादेखत कावळ्याच्या चोचीतून जवळच्या आंब्याच्या झाडावर गेला होता. पण साक्षीदार उडून गेलेला, मला खोटं पाडणार कोण?

चौघे एकमेकांकडे बघू लागले. पाचवा डंपरचा ड्रायव्हर, हरवलेल्या माणसाचा जोडीदार. त्याने ग्लास खाली ठेवला.

"शिवला नाय? मंग त्याचं काय ऱ्हायलं असंल, साहेब?"

"तूच सांग."

"तो खाली पान्याचा पंप काडत व्हता. मला दिसला नाय. रिव्हर्स घेतला, मुरूम सोडला. त्याची हाक आली येकदा. मी बोललो, उकरू. मुकादम बोलला, काम बंद पडंल, तू जेलात जाशील. दुसरी गाडी वत."

"मग?"

"वतली."

तोच पुढे म्हणाला, "उपाशी असंल बोललो. म्हनून पान ठेवलं."

तहसीलदार आणि पंचांसमक्ष रोपं काढून भराव उकरला. गोष्ट वाढवून सांगायची मला खोड आहे. पण त्या पंचनाम्यात वाढवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ड्रायव्हर आणि मुकादम, दोघांना अटक केली.

आरोपी आत गेला की तपास संपला, असं ठाण्यात मानतात. मीही मानत होतो. या प्रकरणाने शिकवलं, की माणूस उकरून काढला तरी त्याच्या नावावर पडलेली माती तशीच राहते, आणि ती कोर्ट काढत नाही. अंत्यविधी झाल्यावर बायका तिच्या बांगड्या फोडायला आल्या. वीटभट्टीची गोष्ट मिटक्या मारत सांगणाऱ्याही त्यांतच होत्या. तिने हात मागे घेतले.

"आदी साहेब बोलतील."

मी वर्दीनिशी गावापुढे उभा राहिलो. एरवी भाषणात मला कुणी आवरू शकत नाही, त्या दिवशी एकच वाक्य निघालं.

"हा माणूस पळाला नव्हता, कामावर मारला गेला."

मग तिने दोन्ही हात पुढे केले.