डोळ्यातला ळ

वऱ्हाडातल्या मालेगावच्या हॉलमध्ये लोक हसले, तेव्हा मी पडद्यामागे माइक धरून उभी होते. पडद्यापुढे शाळेच्या संस्थाचालकांची बायको. भरजरी साडी, ओठ हलतायत. जुन्या सिनेमातल्या गाण्यांचा कार्यक्रम. ओठ तिचे, गळा माझा. गाण्यात शब्द होता ‘डोळे’. माझ्या तोंडून गेलं ‘डोये’.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी, चारचौघांत बाई म्हणाल्या, ‘तुमची जीभच जाडी. पन्नास खेपा सांगतलं, डोळे म्हन. जात काही गळ्यातून जात नाही.’

मी म्हटलं, ‘चुकलं बाई.’ वर हसलेही. त्या हसण्याची आजही किळस येते.

अहो, आमच्या वऱ्हाडात ळ येतो कोणाला? या बाईच घरी गड्याला ‘केये आनजो’ म्हणतात, ‘केळी’ नाही. त्यांच्या तोंडात ती बोली. माझ्या तोंडात जात.

पण बोलणार कोण? माझा नवरा त्यांच्याच शाळेत शिपाई. सात वर्षं झाली, अजून कायम नाही. बाईंची भुवई चढली की मी आधीच ‘हो बाई’ म्हणायचे. पडद्यामागे खोकला आला तर काय, या भीतीनं मी तोंडात खडीसाखर धरून उभी राहायचे. जुन्या सिनेमातही नटीच्या मागे दुसरीच गायची, ठाऊक आहे मला. पण रेडिओवर तिचं नाव तरी घेत. माझं नाव आमच्या निवेदकाला माहीतच नव्हतं.

गेल्या महिन्यात बाईंनी बंगल्यावर बोलावलं. ‘पोरीलेबी आन.’ माझी मुलगी त्याच शाळेत नववीला. गॅदरिंगमध्ये बाईंच्या मुलीचं गाणं ठेवलं होतं. बाईंनी माझ्या मुलीला एक ओळ म्हणायला लावली. ती गायली. ‘डोळे’ म्हणाली, अगदी स्वच्छ.

बाई खूश. ‘वा! हिचा ळ चांगला हाये. आमची पोरगी पुढं राहीन, हे मांगं उभी राहीन.’

म्हणजे ळ आला तरी जागा तीच. पडद्यामागची.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर माझंच ते भ्यालेलं हसू होतं.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘काय नाही?’

‘माही पोरगी मांगं उभी राह्यनार नाही. मीबी नाही.’

बाई अगदी हळू बोलल्या. ‘नवऱ्याले इचारलं काय?’

मी भिंत धरली. ‘नाही इचारलं,’ म्हटलं, आणि मुलीचा हात धरून निघाले. फाटकापर्यंत मागे बघायची हिंमत झाली नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो ताटावरून उठला. ‘काहून बोलली तू?’ एवढंच म्हणाला. रोज शाळेत जातो, मान खाली घालून येतो. फोन वाजला की आम्ही तिघंही दचकतो.

मुलीनं गॅदरिंगच्या यादीत स्वतःचं नाव दिलंय. ते बहुतेक कापतील. कापलं तर आम्ही मायलेकी शाळेसमोरच्या रस्त्यावर उभ्या राहून गाणार. नवऱ्याची नोकरी गेली तरी गाणार. भीत भीत गाणार, पण तोंड दाखवून गाणार.