आठ खुंट्या आणि एक वाघ

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी कॅम्पातल्या एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. घर शहापूरला, घरात दोन माग, आणि बी.एस्सी. झालेली मी एकटीच. मागावर बसायचा मला मनस्वी कंटाळा. क्लासमध्ये शिकवायला मदतनिसाची एक जागा निघणार होती. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सांगून टाकलं होतं, "जागा मिळाली तर जा. न्हाय मिळाली तर माग हायच." ती जागा मला हवी होती, म्हणजे हवीच होती.

सरांनी क्लासच्या प्रदर्शनासाठी एक खेळ लिहिला होता. पडद्यावरच्या माणसाला रान ओलांडून गावात पोचवायचं. वाटेत आठ संकटं: खड्डा, काटे, दगड, साप, आग, वीज, पूर आणि शेवटी वाघ. कुठलं चालू, कुठलं बंद, हे सगळं फ्लॉपीवरच्या एका छोट्या फाइलीत, एकाच बाइटमध्ये. बाइटला आठ जागा. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. क्लासमधले बाकीचे या एक-शून्याला वचकून असत. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या मागावर नक्षीसाठी डॉबी नावाचा सांगाडा असतो, त्यातल्या लाकडी पट्टीला भोकं असतात. भोकात खुंटी ठोकली तर तिथले दोरे वर उचलले जातात, नाही तर खालीच राहतात. साडीच्या काठाची नक्षी तशीच उतरते. त्या खुंट्या मी फ्रॉकात होते तेव्हापासून ठोकत आले होते.

सर म्हणाले, "पाहुण्यांसाठी पहिली तीनच संकटं चालू ठेव. खेळ नीट चालला तर जागा तुझी." मी आठ जागा मांडल्या. पहिल्या तिन्हींत एक, पुढच्या पाचांत शून्य. त्या ओळीचा आकडा आला दोनशे चोवीस. तो फाइलीत घातला आणि एकदा खेळून बघायची तसदीही घेतली नाही. शिष्टपणा, दुसरं काय!

प्रदर्शनाला आप्पा आले. धोतर धुतलेलं, पण टोपीवर कापसाची लव तशीच. मला त्यांची लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा खेळायला बसल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या माणसावर आधी वीज पडली, मग तो पुरात वाहून गेला, आणि तिसऱ्या खेपेला त्याला वाघानं खाल्लं. लोक हसायला लागले. "वाघ कुणी सोडला?" सरांनी माझ्याकडे बघत विचारलं. मग पाहुण्यांना चहाला नेता नेता हळूच म्हणाले, "दहा मिनिटं आहेत तुला."

मी आठ जागांचा कागद पुढ्यात घेऊन बसले. एक म्हणजे ठोकलेली खुंटी, हे मी आप्पांना घरी कधीतरी सांगितलं होतं. आप्पा मागून वाकले.

"पहिली खुंटी कुठनं मोजलीस?"

"डावीकडनं. आपल्यात डावीकडनंच की."

"ती आपल्या मागाची रीत, गं. शेजारच्या नव्या डॉबीत उजवीकडनं मोजत्यात. मी बी तिथं फसलतो, सगळा काठ उलटा आलता. उलटं करून बघ की."

मी ओळ उलटी केली. पाच शून्यं आधी, तीन एक नंतर. आकडा आला सात. कॉम्प्युटरही उजवीकडनंच मोजत होता. वाघ गेला, पूर गेला, वीजही गेली.

पाहुणे परतले. मुख्याध्यापिकाबाईंचा माणूस खड्डा, काटे, दगड चुकवून गावात पोचला, टाळ्या पडल्या. सर खूश झाले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "चूक सापडली कशी?"

आप्पा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते.

"माझी मीच शोधली, सर," मी म्हणाले.

सर आप्पांकडे वळले. "मुलगी हुशार आहे हो तुमची."

"व्हय जी," आप्पा म्हणाले. "आमाला काय कळतंय त्यातलं."

जागा मला मिळाली. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत शिरल्यापासून घरापर्यंत आप्पा दारादारात थांबून सांगत होते, पोरीनं चूक एकटीनं शोधून काढली म्हणून. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. एकाही दारात मी त्यांना अडवलं नाही.