हिवाळ्याचे बारीक टायर

मी बरोबर होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशीही मला एवढंच सुचत होतं आणि अजूनही मनातल्या मनात मी तेच घोकत असते. मी बरोबर असते तेव्हा माझ्या शेजारी उभं राहू नये, असं माझा नवरा म्हणतो. त्या दिवशी शेजारी बाबा उभे होते.

आई गेल्यावर बाबा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आले, ते सहा महिन्यांच्या बोलीवर. करमलं तर ग्रीन कार्डाचं बघायचं आणि इथंच राहायचं, नाहीतर मार्चमध्ये परत जायचं. त्यांना करमावं म्हणून मी काय काय केलं. देवळात नेलं, इतर आजोबांच्या गप्पांत नेऊन बसवलं, मराठी चॅनल लावून दिला. कशातच जीव रमेना. रमला कुठं, तर माझ्या टायरांत.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घराजवळच्या उतारावर माझी गाडी बर्फात घसरून कडेला जाऊन आदळली होती. म्हणून यंदा हिवाळ्यासाठी चाकांचा वेगळा सेट घ्यायचं मी ठरवलं. नोव्हेंबरात लावायचा, एप्रिलमध्ये काढून ठेवायचा. गाडीचे मूळचे टायर दोनशे पस्तीस मिलिमीटर रुंद. मी घेणार होते दोनशे पंधराचे, एक इंच लहान रिमवर. बाबांना ते पटेना.

"थंडीत माणूस जाडजूड कपडे घालतो आणि तू गाडीला बारीक टायर घालतेस? रुंद घे की, जास्त धरेल."

मी समजावलं, की रुंद टायर बर्फावर तरंगतो, बारीक टायर बर्फ कापत खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे चिखलात चप्पल वरच अडकते, पण काठी तळाला लागते, तसं." अगदी तसं, मी म्हटलं.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर. बाबांनी सगळी नोकरी पोस्टात काढली, स्वतःची गाडी कधी घेतली नाही. पण आकडे दिसले की वाचायचेच, ही सवय गेलेली नाही. टायरच्या कडेवरचे आकडे कसे वाचायचे ते शिकले, आणि सकाळी फिरायला गेले की कॉम्प्लेक्समधल्या गाड्यांसमोर वाकून वाकून वाचू लागले. एकदोघांनी खिडकीतून संशयाने पाहिलंही. परत आले की चहाबरोबर मला बातम्या: "त्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीला दोनशे पंचवीस. आणि समोरच्या, आपल्या नागपूरच्या देशपांड्यासारख्या दिसणाऱ्या गोऱ्याने उन्हाळ्याचेच ठेवलेत अजून. कुणीतरी सांगा त्याला." आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

चाकं मी स्वतः बदलणार होते. एका शनिवारी गॅरेजमध्ये जॅक लावला. पाना मी फिरवायचा, नट बाबांनी ताटलीत सांभाळायचे. एक चाक बसलं, दुसरं जुनं चाक काढलं, आणि ऑफिसचा फोन आला. काहीतरी बंद पडलं होतं. मी घरात गेले.

बाबांच्या घरी दिवाळीच्या आधी तेलाची कुपी घरभर फिरते. कड्या, बिजागऱ्या, कुलपं, आईचं शिलाई मशीन. कुरकुरणारं काही त्यांना सहन होत नाही. आमच्या गॅरेजच्या फळीवर तेलाची कुपी होतीच. मी परत आले तेव्हा चाकाचे पाचही बोल्ट आणि ताटलीतले नट तेलाने चकचकत होते आणि बाबा बोटं पुसत हसत होते. "आता बघ, लोण्यासारखे बसतील."

चाकाचे नट कोरडेच बसवायचे असतात. तेल लागलं की ठरलेल्या जोराला कट् वाजणारा पानाही फसतो, नट नको इतका आवळला जातो आणि बोल्ट ताणून तुटू शकतो. हे शांतपणे सांगता आलं असतं. मी ओरडले.

"बाबा, प्लीज! डोन्ट टच एनिथिंग! विचारल्याशिवाय हात कशाला लावता? चाक निखळलं असतं म्हणजे? मारायचंय का मला?"

"अगं, मला वाटलं..." एवढंच म्हणाले आणि आत गेले. मी एकेक बोल्ट, एकेक नट स्पिरिटने पुसला आणि उरलेली चाकं एकटीने बसवली. अगदी चोख बसवली.

"यार, तू सिंपली सॉरी म्हण ना त्यांना," नवरा म्हणाला. मी म्हटलं. पण सॉरीच्या मागोमाग "पण बाबा, तेल खरंच डेंजरस असतं" हेही म्हटलं. माझा स्वभाव.

"बरोबर आहे गं तुझं," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते आमच्या घरात पाहुणे झाले. चहा ठेवायच्या आधी गॅस लावू का म्हणून विचारायचे. खिडकी उघडू का, टीव्ही लावू का. सकाळच्या बातम्या बंद झाल्या. नवी चाकं बसवल्यावर थोडी गाडी चालवून नट पुन्हा एकदा आवळायचे असतात. तेव्हा मी मुद्दाम पाना त्यांच्यापुढे धरला. ते एक पाऊल मागे सरकले. "तूच कर. माझ्या हातून काहीतरी व्हायचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. मी बाबांना आग्रहाने भाजी आणायला बरोबर घेतलं. त्याच उतारावर सावकाश ब्रेक दाबला, आणि गाडी न घसरता थांबली.

"बघितलंत बाबा? आपले बारीक टायर!" माझ्या आवाजात लाडीगोडी होती, ती मलाच ऐकू येत होती.

"छान थांबली," ते म्हणाले. मग समोर बघतच म्हणाले, "माझं मार्चचं तिकीट अलीकडे घेता येतंय का बघ. तुझं इथं काही अडत नाही. मला आता तुझी काळजी नाही."

असं काय बोलता, राहा की, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्यांच्या आधी आत काहीतरी सैल झालं. आता गॅससाठी कुणी परवानगी मागणार नाही, दबकून माझ्याकडे बघणार नाही, मला रोज लाज वाटणार नाही. सुटल्यासारखं वाटलं मला. ते तोंडावर दिसलं असणार, कारण बाबांनी मान वळवली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

"जानेवारीतलं चालेल?" मी विचारलं.