पोत्यांवर काढून ठेवलेले स्वेटर

पत्रक कसं लिहायचं हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकले. शिकवणारे कार्यकर्ते एकच सांगायचे: रस्त्याने चाललेला माणूस थांबला पाहिजे. मथळा आठ शब्दांच्या आत. ‘बहुधा’, ‘काही ठिकाणी’, ‘असं ऐकलं’ हे शब्द दिसले की लाल पेनाने काट. शंका असेल तर ती घरी ठेवून ये, म्हणायचे. मी ठेवून आले. बंद पडलेल्या एसटी फेऱ्यांवर, शाळांच्या गळक्या छपरांवर पत्रकं लिहिली, सिग्नलला उभं राहून वाटली. त्यातली दोन-तीन कामाला आली, त्याचा अभिमान मला अजून आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मी त्याच हाताने केलंय.

गंगापूर रोडवरच्या ज्या इंग्रजी शाळेत मी शिकले, तिथल्या मुख्याध्यापिका मॅडमनी डिसेंबरच्या सुरुवातीला मला बोलावलं. नाताळच्या सुट्टीआधी तिथली मुलं चिठ्ठ्या उचलून एकमेकांना भेटी देतात. यंदा मॅडमना ते नको होतं.

“प्रत्येकाकडे तीन-तीन वॉटर बॉटल आहेत गं. आणखी एक कशाला? त्यापेक्षा एकेक स्वेटर आणू देत. तू डोंगरातल्या शाळांत फिरतेस ना, एखादी शाळा सांग. आणि पालकांना पाठवायला छान लिहून दे काहीतरी. तुझ्या स्टाइलमध्ये.”

शाळा मला लगेच आठवली. इगतपुरीच्या पुढे, धरणाच्या मागच्या अंगाला, दोन शिक्षकांची जिल्हा परिषदेची शाळा. छपराच्या कामासाठी मी तिथे जुलैत जाऊन आले होते. हिवाळ्यात कधीच नाही. तिथली मुलं थंडीत काय घालतात हे मी पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. फोन केला असता तर दोन मिनिटं लागली असती. मी मथळा लिहिला: ‘इगतपुरीच्या डोंगरात एक शाळा कुडकुडते आहे.’ आणि खाली, ठळक अक्षरांत: ‘एकाही मुलाच्या अंगावर स्वेटर नाही.’

वाक्य चांगलं होतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला इतके हात जोडले गेले की मॅडमनी मला त्याचे स्क्रीनशॉट पाठवले. एक प्रत त्यांनी डोंगरातल्या शाळेच्या मोठ्या सरांनाही धाडली, कार्यक्रमाची माहिती म्हणून. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

सुट्टी लागण्याआधीचा शनिवार ठरला. सुट्टी अर्थात गंगापूर रोडला. डोंगरातल्या शाळेला नाताळचा एक दिवस मिळतो, संपलं. शनिवारी त्यांची सकाळची शाळा असते, म्हणून शहरातली बस आठला पोचायची होती. बॅनर बांधायला मी स्कूटरवर पुढे निघाले. अंगात दोन स्वेटर, वर जर्किन, हातमोजे, कानाला मफलर. तरी शाळेसमोर उतरले तेव्हा बोटं ब्रेकवरून सुटत नव्हती.

सव्वासात झाले होते. भात कापून झालेल्या खाचरांवर धुकं बसलेलं होतं आणि ऊन अजून डोंगराच्या पलीकडेच. पटांगणात तीसेक पोरं रांगांनी बसलेली. पांढरे हाफ शर्ट, निळ्या चड्ड्या, निळे स्कर्ट. हात काखेत, गुडघे पोटाशी. एकाच्याही अंगावर स्वेटर नाही.

मी लिहिलं होतं ते अक्षरशः समोर होतं. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते: मला बरं वाटलं. बरोबर लिहिलं होतं आपण, असं वाटलं. मी फोन काढला आणि फोटो घेतला.

पुढच्या रांगेत सगळ्यात बुटकी एक मुलगी होती, दुसरीतली. पाहुण्यांना झेंडूचं फूल द्यायला तिला निवडलं होतं. फूल मांडीत धरून ती खोकत होती, आणि श्वास सोडताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

“सर्दी झाली का गं?”

“नाय. दम लागतो मला. थंडीत लागतो.”

“थांब हं, आता येतील बघ पाहुणे. नवा स्वेटर आणतील तुला.”

बाईला एवढंही कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. “सोटर हाय की मला. खिचडीच्या खोलीत हाय.”

“माझा पन हाय,” शेजारची म्हणाली. “टोपीवाला.”

“माझा चेनीचा!” मागून कोणीतरी.

“मग घालत का नाही?”

“सर म्हनले, पाव्हने जाईस्तोवर घालायचा नाय. जो घालंल त्याला नवा भेटनार नाय.”

खिचडीची खोली शाळेच्या मागे. पोषण आहाराचा तांदूळ तिथे ठेवतात. चूल पेटलेली होती आणि शाळेची स्वयंपाकीण बाई डाळ धूत होती. मी म्हटलं, आतली खोली उघडा. तिने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि बाजूला झाली.

तांदळाच्या पोत्यांवर स्वेटर होते. घड्या घालून, ओळीने. लाल, निळे, लोकरीचं बदक काढलेला एक. कोपरावर वेगळ्याच रंगाचं ठिगळ विणलेला एक. मोठ्या भावाचा असणार असा एक, त्याच्या लांब बाह्या दुमडून धाग्याने टाचलेल्या. बाजूला कानटोप्यांचा ढीग. ज्या आयांनी ते विणले, विकत घेतले, टाचले, त्यांना मी एका वाक्यात पुसून टाकलं होतं. पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा मला दिसले फक्त सर.

सर पन्नाशीचे, इस्त्रीच्या शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर. खुर्च्या पुसत होते. मी तिथेच सुरू झाले.

“सर, हे काय चाललंय? लहान पोरं आहेत ती! तुम्ही शिक्षक आहात की कोण आहात? मी आत्ता वर तक्रार करते.”

“ताई, आवाज खाली. पोरं बघतायत.” त्यांनी फडकं खुर्चीवर ठेवलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. माझं पत्रक. प्रिंट काढून आणलेलं. ते त्यांनी वर्गात वाचावं तसं वाचलं. “‘एकाही मुलाच्या अंगावर स्वेटर नाही.’ तुम्हीच लिहिलंय ना? खाली नाव आहे. एवढ्या पालकांनी वाचलं. आता ते येणार, आणि पोरं स्वेटर घालून बसलेली बघणार. तुम्हाला खोटं पाडू का मी?”

“मला विचारायचं होतंत एकदा!”

“तुम्ही विचारलं होतंत?”

पत्रकात मी कुणालाही गप्प करते. तिथे मी गप्प झाले.

सर मग खुर्चीवर बसले आणि साध्या आवाजात बोलले. मागच्या वर्षी शहरातलं एक मंडळ आलं होतं. पोरांच्या अंगावर स्वेटर बघून त्यांनी गाडीतलं सामान उतरवलंच नाही. यांना कुठे गरज आहे, म्हणाले, आणि पुढच्या पाड्यावर गेले. “मला स्वेटर नकोच आहेत, ताई. मला मुलींच्या संडासाला पाण्याची टाकी पाहिजे. चौथीच्या पोरी दुपारी घरी निघून जातात. पण टाकी मागायला पाहुणे आधी फाटकाच्या आत यावे लागतात. आणि ते येतात स्वेटर द्यायलाच.”

“घाला त्यांना स्वेटर,” मी म्हटलं. “आत्ता.”

त्यांनी फोन पुढे केला. मॅडमचा मेसेज होता: फाट्यावर पोचलो. “दहा मिनिटं राहिलीत. दहा मिनिटांसाठी सगळ्याचा विचका करायचा का? बघा. तुम्ही म्हणाल तसं.”

तुम्ही म्हणाल तसं! मी पटांगणाकडे पाहिलं. अजून न बांधलेल्या बॅनरकडे पाहिलं. माझंच वाक्य त्याच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं.

“बरं,” मी म्हटलं. “दहा मिनिटं.”

फाट्यावरचा रस्ता अरुंद. बस वळेना. ती मागे घेतली, पुन्हा वळवली, समोरून ट्रॅक्टर आला. दर थोड्या वेळाने मेसेज यायचा: आलोच. आम्ही दोघं त्या ‘आलोच’वर पोरांना गारठवत राहिलो. पाऊण तास गेला. मग एक जण दातांवर दात वाजवायला लागला, ते बघून बाकीचे हसायला लागले, आणि मला एक युक्ती सुचली. मीच म्हटलं, “सर, कवायत घ्या ना. अंग गरम होईल.” एक-दोन, एक-दोन. पोरं खुशीत उड्या मारायला लागली. ती बुटकीही मारत होती, फूल मुठीत धरून.

तीन-चार उड्यांनंतर ती खाली बसली. आधी मला वाटलं, दमली. जवळ गेले तर तिच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि ओठ जांभळे पडले होते. ती बोलायला बघत होती आणि शब्दापुरतीही हवा तिला मिळत नव्हती. मी तिला उचललं, खाली ठेवलं, पाठीवरून हात फिरवला, पाणी मागितलं. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. एवढ्या मोर्च्यांत गेले, पण एका पोरीचा श्वास कसा सोडवायचा ते ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकीण बाई मागून धावत आली, हातात पळी. ती त्या पोरीची आई आहे हे मला तेव्हा कळलं. स्वतःच्या लेकीचा स्वेटर तिने स्वतः त्या खोलीत ठेवून कुलूप लावलं होतं, कारण सरांनी सांगितलं होतं, आणि सरांनी सांगितलं होतं कारण मी लिहिलं होतं. ती पळी टाकून परत धावली, हिरवा स्वेटर घेऊन आली आणि पोरीला घालायला लागली. सर म्हणाले, “अहो, बस आलीच आहे...”

“सर, टाकी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी,” ती बटणं लावता लावता म्हणाली. “माझी पोर पायजे मला.”

आणि त्याच वेळी बस आली. लाल टोप्या घातलेली शहरातली मुलं हातात पिशव्या घेऊन उड्या मारत उतरली. मागच्या गाडीतून मॅडम उतरल्या. अख्ख्या पटांगणात एकटीच्या अंगावर स्वेटर, आणि आई तिच्यासमोर गुडघ्यावर, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. “अय्या, वाटप सुरूसुद्धा केलंत? किती गोड दिसतेय ही! मुलांनो, क्लॅप!”

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“त्यो आमचाच हाय, बाई,” आई मान वर न करता म्हणाली. “इगतपुरीच्या बाजारातून घेतलाय. गाडी हाय ना तुमची? दवाखान्यात सोडा आमाला.”

मॅडमनी पोरीच्या ओठांकडे पाहिलं आणि पुढचा एक शब्दही न विचारता गाडीचं दार उघडलं. हे त्यांचं श्रेय, ते मी काढून घेणार नाही. वाटप आमच्यामागे झालं. फोटोही झाले. सर नंतर सांगत होते की बस गेल्यावर खोली उघडली, तर पोरांनी नव्या स्वेटरवर जुना चढवला आणि उकडतंय म्हणत घरी गेली.

सरकारी दवाखान्यात पोरीला मास्क लावून औषधाची वाफ दिली. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. छाती तपासून त्यांनी मान वर केली आणि आईवर तुटून पडले.

“दम्याची पोर आहे ही. माहीत आहे ना? मागेही आणली होतीत. थंडीत स्वेटर न घालता बाहेर बसवता? उड्या मारू देता? किती वेळा सांगायचं? तुम्हाला पोरांची काळजी नाही का?”

आई खाली बघून ऐकत राहिली. असं ऐकून घ्यायची तिला सवय होती, आणि ते मला त्या सकाळच्या सगळ्यापेक्षा भयंकर वाटलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. आवाज एकदम बदलला. “तुम्ही संस्थेकडून का? बरं झालं, तुम्ही वेळेवर आणलंत. ह्या लोकांना सांगून उपयोग नसतो.”

एक क्षण मी हो म्हणू शकले असते. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची ती अपेक्षाच नव्हती.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “आईने स्वेटर घेऊन दिलेला आहे. तिला तो काढायला लावला. उड्या मारायला मी सांगितल्या.”

“काढायला लावला? कुणी?”

“मी.”

“कशासाठी?”

याचं उत्तर आठ शब्दांत बसत होतं. एका शब्दातही बसत होतं. “फोटोसाठी,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी आईसमोरचा केसपेपर उचलला, त्याच्यावर काहीतरी खोडलं आणि वेगळं लिहिलं. मग आईला म्हणाले, “बसा तुम्ही. खुर्चीवर बसा.” ती बसली. पोरीच्या छातीतली शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. गळ्याजवळचा खळगा भरला. नर्सने मास्क काढला तेव्हा तिच्या नाकावर मास्कची लाल रेघ उमटलेली होती.

तिने आईकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. मी तिला अजून पाहुण्यांतलीच वाटत असणार. तिचा हात हिरव्या स्वेटरच्या वरच्या बटणाशी गेला.

“पाव्हने हायेत अजून,” ती आईला हळूच म्हणाली. “काढू का?”

आईने तिचा हात धरून खाली आणला आणि बटण पुन्हा लावलं. मग गळ्याजवळचं राहिलेलं होतं, तेही लावलं.