पट्टीखाली जळतंय

"सासूला आधी वॉर्डाबाहेर काढ," डॉक्टरसाहेब मला म्हणाले. "तिनंच बिब्बा लावलाय."

साल एकाहत्तर-बाहत्तर असेल. नगर जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. पुणतांब्याकडची सखू मांडीचं हाड मोडून आली होती. तिला ट्रॅक्शन लावलेलं. म्हणजे नडगीच्या दोन्ही अंगांना रुंद चिकटपट्टी लावायची, तिला दोरी बांधायची अन् पलंगाच्या पायथ्याशी वजन सोडायचं. हाड ताणलेलं राहतं, सरळ जुळतं. वजन काढलं की पाय आखूड होतो.

सखू पहिल्यापासून म्हणत होती, पट्टीखाली जळतंय. आता कडेला फोड दिसले. आमच्याकडं कुठं दुखलं की बायका बिब्बा लावतात. त्याचं तेल उतलं की असेच फोड येतात. सोबतीला राहिलेल्या तिच्या सासूच्या पिशवीत बिब्बे सापडलेही.

"ते माझ्या गुडघ्याचे हायेत," सासू म्हणाली. "हिला कशाला लावीन? घरी शेरडं हिच्या नावानं वरडत्यात."

"मग फोड कशानं आले?"

"तुमच्या पट्टीनं. खोटं वाटत आसंल तर तीच पट्टी हिच्या दंडाला लावा. माझ्याबी लावा."

साहेब तापट, पण ऐकून घेणारे. दोघींच्या दंडावर एकेक तुकडा चिकटवला. "तू तरी कशाला मोकळा?" म्हणून माझ्याही.

दुसऱ्या दिवशी काढलं. सासूचा दंड साफ, माझाही. सखूच्या दंडावर लालभडक चौकोन अन् बारीक पुरळ. "अ‍ॅलर्जी," साहेब म्हणाले. पट्टीचा डिंक काहींच्या कातडीला सोसत नाही.

"आता कुणाला भाईर काढायचं?" सासूनं विचारलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं अन् राउंडला निघून गेले.

मी गोडेतेल लावून पट्टी सोडवली. फोड टाळून फलालीनच्या मऊ कापडी पट्ट्या गुंडाळल्या, दोरी त्यांना बांधली. वजन कमी केलं. पण डिंक नाही म्हटल्यावर पट्टी घसरणार. वॉर्ड भरलेला, मी एकटा. सासू पायथ्याशी बसली ती हललीच नाही.

"ओ बांधनारे, उतरली तुमची लंगोटी," ती ओरडायची. मी जाऊन परत बांधायचो.

हाड जुळलं. पाय बोटभर आखूड राहिला. सासू म्हणाली, "शेरडामागं पळायला पुरंल."

औंदा माझी मंडळी गेली. दवाखान्यात तिच्या छातीवर चिकट बिल्ले लावून वायरी मशीनला जोडल्या होत्या. ती सारखी तिथं हात न्यायची. सिस्टर म्हणाली, "आजोबा, त्यांचा हात धरून ठेवा, वायर निघंल."

मी म्हणालो, "हात नंतर धरतो. आधी बिल्ला उचलून बघा."

तिनं उचलला. खाली लाल गोल. तिनं दुसऱ्या जातीचे बिल्ले आणले, जागा बदलून लावले.

त्यानं माणूस वाचत नसतं. वाचली नाही. पण नंतर तिचा हात छातीकडं गेला नाही, माझ्या हातात राहिला. जळतंय म्हटलं की उचलून बघावं, एवढंच मला कळतं.