तारा काढून टाकायचा म्हणजे काय? सुनेच्या माहेरी, डोंगरकड्याला

"थांब, मीपण येते," असं मी म्हणून बसले आणि मग माघार घेता येईना. बापलेकीचं बिनसलेलं असताना सासूनं मध्ये कडमडायचं, म्हणजे हौसच म्हणायची! पण सून एकटीच नाशिकहून गाडी घेऊन निघाली होती आणि तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

प्रज्ञा, माझी सून, खगोलशास्त्रातली डॉक्टर. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती धुळीची चकती फिरत असते, तिच्यातूनच पुढे ग्रह तयार होतात. त्या चकत्यांचा ही अभ्यास करते. चिलीतल्या डोंगरावरच्या एका मोठ्या दुर्बिणीवर तिला दोन वर्षांचं काम मिळालंय. माझा मुलगा खूश, मी खूश. गाडी अडली ती आबांपाशी, तिच्या वडिलांपाशी. त्यांनी तिला नांदेडच्या एका कॉलेजात प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करायला लावला होता आणि मुलाखत तोंडावर आली होती. "कायमची नोकरी सोडून तिकडं काहून जाती?" हा त्यांचा एकच सवाल. आणि ही बाई आबांना दुखवून विमानात पाऊल ठेवणार नाही. शेवटी ते फोनवर म्हणाले, "तू बघती तरी काय, ते मला एकदा दाव. मंग बोलू." तेवढ्यासाठी हा प्रवास.

जाणाऱ्यांसाठी सांगते, जालन्यापर्यंत समृद्धीनं गाडी सुळकन जाते, टोल मात्र दणकून बसतो. पुढे मंठा, जिंतूर करत औंढ्याकडे वळलात की रस्ता कुठे लोण्यासारखा, कुठे कंबर मोडणारा. पहाटे निघा आणि डबा घरूनच घ्या. आम्ही जिंतूरच्या पुढे गाडीतच पोळी-चटणी खाल्ली.

दुपारी सिद्धेश्वर धरणावर थांबलो. पूर्णेचं पाणी उन्हात असं चमकत होतं की डोळे उघडवेनात. मी माझा नवा गॉगल चढवला (मुलानं दिलाय, महागाचा आहे, मी सगळ्यांना सांगते) आणि किंचाळलेच. काठाजवळचे मासे लख्ख दिसायला लागले! शेजारी जाळं सोडवत बसलेली बाई हसली. "दिसले व्हय? आता पकडून दावा!" मग तिच्याकडूनच दोन मासे घेतले. समोरच्या टपरीवाल्यानं ते तळून दिले, सोबत कांदा आणि गरम भाकरी. अहाहा!

प्रज्ञाचं मात्र खाण्यात लक्ष नव्हतं. ती गॉगल डोळ्यांसमोर धरून गोल गोल फिरवत होती. "आई, प्रकाश थरथरत येतो, सगळ्या दिशांनी. पाण्यावरून उसळला की बहुतेक आडवाच थरथरतो. या काचा तो आडवा प्रकाश अडवतात, म्हणून चमक जाते आणि मासे दिसतात. माझं काम हेच आहे, फक्त उलटं. मी चमक ठेवते आणि बाकीचं फेकते." मला अर्धं कळलं. पण सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला होता, म्हणून मी आणखी दोन प्रश्न विचारले.

संध्याकाळी डोंगरकडा, हिंगोली जिल्ह्यातलं प्रज्ञाचं गाव. गल्लीत शिरल्यापासून हळदीचा वास. हळद शिजवायचे दिवस होते, घरोघरी तीच धांदल. आबा दारातच उभे होते. "जय भीम, विहीणबाई. तकलीफ तं न्हाई झाली ना रस्त्यानं?" प्रज्ञाच्या मायनं पिठलं, ठेचा आणि भाकरी असं काही वाढलं की मी मोजायचं सोडून दिलं.

जेवणं झाल्यावर प्रज्ञानं लॅपटॉपवर चित्र दाखवलं. काळ्यावर एक फिकट कडं, मधोमध काळा ठिपका.

"अन् तारा?" आबांनी विचारलं.

"तो काढून टाकला, आबा. त्याच्या उजेडात धूळ दिसत नाही."

"येवढा मोठा तारा काढून टाकला? अन् धूळ ठिवली?" आबा उठले. "धूळ बघायला चिलीला काहून जायाचं? हितं काय कमी हाय?"

माय हसली, मी हसले. प्रज्ञा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला, तिनं आबांना हात धरून हळदीच्या शेडमध्ये नेलं. तिथे हळद पॉलिश करायचा ढोल फिरत होता, वरच्या बल्बच्या उजेडात पिवळी भुकटी उडत होती. तिनं माझा गॉगल आबांना दिला. "हा फिरवत बघा. बल्ब आहे तसाच राहील. भुकटी मात्र मंद होईल, मग उजळेल."

आबांनी फिरवला. पुन्हा फिरवला. "कायबी होत न्हाई, बाई."

मीही बघितलं. खरंच काही होत नव्हतं. प्रज्ञाचा चेहरा असा पडला की मला त्या ढोलाचाच राग आला. आबा गॉगल परत द्यायला लागले.

"थांबा!" ती एकदम ओरडली. "भुकटी जाड आहे! जाड कणांवरून असं फारसं होतच नाही!" पळत बाहेर गेली आणि हळद शिजवायच्या कुकरखालची दोन धुमसती लाकडं घमेल्यात घेऊन आली. ढोल बंद केला. भुकटी खाली बसली आणि बल्बभोवती निळसर, बारीक धूर चढू लागला.

आबांनी काच फिरवली. बल्ब तसाच. बल्बच्या बाजूचा धूर मात्र जवळजवळ विझला. पाव वळसा, पुन्हा पेटला. ते फिरवतच राहिले.

"दोन्ही वेळचा फोटो काढायचा," प्रज्ञा धापा टाकत म्हणाली, "आणि एकातून दुसरा वजा करायचा. बल्ब दोन्हीकडं सारखाच, तो जातो. उरतो फक्त धूर. आणि तिथं बारीक धूर आहे का जाड भुकटी, तेही यातूनच कळतं. भुकटी जाड व्हायला लागली म्हणजे तिथं ग्रह बनायची सुरुवात."

किती हुशार आहे ही पोरगी! सासू असून सांगते, मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. दोष धुराला दिला.

आबांनी आणखी एकदा काच फिरवून बघितली. मग गॉगल पुसून माझ्या हातात ठेवला आणि लेकीला म्हणाले, "मोठा उजेड काढल्याबिगर तुला तुझं दिसत न्हाई, असंच ना? मंग माझं मत बी काढून टाक. अन् काय दिसतं ते बघ."

प्रज्ञानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "धुरावर उजेड बल्बचाच असतो, आबा," ती म्हणाली.

परतताना नरसी नामदेवला चहा घेतला, आणि डिकीतली हळद नाशिकपर्यंत घमघमत राहिली. हिंगोलीला जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच जा. धरणावर मासे खा, हळद शिजवणाऱ्या कुणाच्याही दारात उभं राहा, लोक आत बोलावतात. मला विचाराल तर इतकं काही एका फेरीत मी कुठेच पाहिलं नव्हतं.

नांदेडच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळीच आबांचा फोन आला. प्रज्ञाला नाही, मला.

"विहीणबाई, पोरगी नांदेडच्या गाडीत तं बसली न्हाई ना?"

"नाही हो. घरीच आहे, व्हिसाचे कागद लावतेय."

"मंग बराबर," ते म्हणाले. "जरा ध्यान ठिवा तिच्यावर. माझ्या तोंडाकडं बघून मुलाखतीला जाऊन बसायची."